एकान्त आणि एकाकीपणा



म्हातारपणाविषयी बोलताना आपल्याकडे एक वाक्य फार सहज तोंडातून निघते. ‘आता काय राहिलंय? एकान्तात बसावं, देवाचं नाव घ्यावं.’ घरातला मुलगा हे म्हणतो, शेजारी म्हणतो, आणि नारदाच्या गादीवर उभे राहून आम्ही कीर्तनकारही म्हणतो. वाक्यात वावगे काही नाही. पण ते कोण कोणाला म्हणतो यावर पुष्कळ अवलंबून आहे. सत्तरीच्या माणसाने ते आपल्यापुरते म्हटले तर तो त्याचा निश्चय झाला. सहा महिने घराची पायरी न चढलेल्या मुलाने तेच म्हटले तर ती पळवाट झाली. म्हणून विचारावेसे वाटते की, शास्त्राने आणि संतांनी ज्या एकान्ताची थोरवी गायिली तो, आणि आज गावोगावी म्हातारी माणसे जे निमूटपणे सोसत आहेत ते, ही दोन्ही एकच काय? आणि एक नसतील, तर त्यांना नामस्मरणाचा उपदेश करून आपण सुटतो काय?

आधी शब्द पाहू. ‘एकान्त’ म्हणजे निवांत, निर्जन जागा, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘एकाकी’ हा शब्द निराळा. पाणिनीने ‘एक’ या शब्दाला खास प्रत्यय सांगून ‘एकाकी’ हे रूप सिद्ध केले, आणि हा प्रत्यय कोणत्या अर्थी लावावा तेही तिथेच सांगून ठेवले. अर्थ आहे ‘असहाय’. पाठशाळेत सूत्रे घोकण्याच्या वयात याचे काही वाटत नाही. जवळजवळ चार हजार सूत्रे, त्यांतले हे एक. पण पुढे समजते की त्या एका शब्दात व्याकरणकाराने केवढे ओझे ठेवले आहे. ‘सहाय’ म्हणजे आज आपण मदत समजतो. मूळ अर्थ ‘बरोबर जाणारा’. तेव्हा एकाकी कोण? तर ज्याच्याबरोबर चालणारे कोणी नाही तो. घरात डोकी किती, हा हिशेबच त्या शब्दात नाही. नातवंडांनी भरलेल्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात बसलेला आजोबा एकाकी असू शकतो. आणि आळंदीहून निघालेल्या दिंडीत, घरचे कोणी बरोबर नसताना चालणारी म्हातारी एकाकी नसते, कारण तिच्या पुढे पाऊल आहे, मागे पाऊल आहे, आणि ती चार पावले मागे राहिली तर ‘चला माउली’ म्हणणारा कोणीतरी आहे. वारकऱ्याला हे फोडून सांगायला नको.

आता पूर्वपक्ष ऐकू, कारण तो बलवान आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी निर्जन स्थानाची आवड आणि लोकांच्या गर्दीचा कंटाळा ही दोन्ही गणली आहेत. भागवताच्या एकादश स्कंधात तर अवधूताने कुमारीच्या कंकणांचा दृष्टान्त दिला आहे. तो आपल्या श्रोत्यांना पाठ आहे. घरी पाहुणे आले, घरची माणसे बाहेर गेलेली, मुलगी आत साळी कांडायला बसली. हातातली कंकणे वाजू लागली. पाहुण्यांना घरचे दारिद्र्य कळेल म्हणून तिने एकेक कंकण काढले. दोन ठेवली तरी वाजेनात कशी? वाजलीच. शेवटी एकेका हातात एकेकच ठेवले, तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणतो, मी हिच्यापासून शिकलो, एकट्याने विचरावे.

दृष्टान्त उत्तमच. पण कीर्तनात सांगताना त्याचे दोन धागे आपल्या हातून सुटतात. एक म्हणजे, ती मुलगी कोणासाठी कांडत होती? दारी आलेल्या पाहुण्यांसाठी. तिच्या एकटेपणाच्या पलीकडच्या खोलीत माणसे बसलेली होती, आणि तिच्या हातच्या भाताची वाट पाहत होती. दुसरे असे की, तिने कंकणे आपल्या हाताने काढली. आणि आपल्याकडे? २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या स्त्रियांत जवळजवळ निम्म्या विधवा होत्या. त्यांची कंकणे त्यांनी आपल्या हाताने काढली नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडण्याची व कुंकू पुसण्याची चाल बंद केली, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. एवढा उशीर लागला. तेव्हा ज्या बाईची कंकणे लोकांनी फोडली, जिला मंगलकार्यात मागे बसवले, जिच्याशी बोलणे हळूहळू ‘औषध घेतलं का’ एवढ्यावर आले, तिला कुमारीचा दृष्टान्त सांगून ‘एकान्त बरा’ म्हणणे, हा दृष्टान्ताचा विपर्यास आहे. एकनाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर टीका लिहिली, शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, ती काशीस पूर्ण केली. कंकणाचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? आणि तेच नाथबाबा पैठणास भरल्या घरात राहिले. त्यांच्या पंगतीला कोण कोण जेवून गेले त्याच्या कथा आजही संपत नाहीत.

उपनिषदांकडे वळलो तर आणखी नवल दिसते. बृहदारण्यकात सृष्टीच्या आरंभीची गोष्ट आहे. प्रजापती एकटाच होता. त्याला आधी भय वाटले. मग त्याने विचार केला, माझ्यावाचून दुसरे काहीच नाही, तर मी भ्यावे कोणाला? आणि भय गेले. इथेच थांबले असते तर आम्हा वेदान्त्यांचे काम सोपे झाले असते. पण श्रुती पुढे सांगते की त्याला करमेना. एकट्याला करमत नाही, म्हणून त्याने दुसऱ्याची इच्छा केली. पाहा, दोन दुःखे कशी वेगळी ठेवली आहेत! भय विचाराने गेले. करमेना ते मात्र विचाराने गेले नाही. त्याला दुसरे कोणी लागलेच.

कोणी शास्त्री म्हणतील, आचार्यांनी भाष्यात यावरूनच दाखवले आहे की प्रजापतीसुद्धा संसारातच आहे. ज्याला भय आहे आणि करमत नाही तो मुक्त नव्हे. मान्य. शंभर वेळा मान्य. पण मग मी विचारतो, साक्षात प्रजापतीला जे साधले नाही ते तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत राहणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या विधुराला साधावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? तो मुक्त नाही हे खरेच. त्याला करमत नाही हेही खरे. आपल्या संप्रदायाने अद्वैत मानूनही भक्तीसाठी देव आणि भक्त हे दोनपण प्रेमाने राखले. जनाबाईची कथा घ्या. अनाथ पोर, नामदेवरायांच्या घरची दासी, पहाटे जात्यावर एकटी. परंपरेने तिला ‘एकटीच बरी’ असे म्हटले नाही. परंपरेने देवाला जात्यावर आणून बसवले आणि खुंट्याला हात लावायला लावला.

हा झाला शास्त्राचा विचार. आता देहाकडे येऊ, कारण एकाकीपणा हा केवळ मनाचा हळवेपणा आहे, असे समजणारे पुष्कळ आहेत.

२०१० साली अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेली १४८ संशोधने एकत्र तपासली. त्यांत तीन लाख आठ हजारांवर माणसांची नोंद होती, आणि सरासरी साडेसात वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवलेले होते. ज्यांचे नातेसंबंध सकस होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा निम्म्याने अधिक निघाली. २०२३ मध्ये अमेरिकेचे त्या वेळचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी सांगितले की, सोबतीच्या अभावाने आयुष्याला पोचणारा धोका दिवसाला पंधरा सिगारेटी ओढण्याच्या तोडीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा अहवाल जून २०२५ मध्ये आला. त्याप्रमाणे जगात सहा माणसांत एक एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. म्हणजे तासाला शंभर. एक कीर्तन होईपर्यंत दोनशे. त्या अहवालात एक गोष्ट अशीही आहे की, एकाकी वाटण्याचे प्रमाण तरुणांत म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आहे. त्याचा विचार निराळा करावा लागेल. पण म्हाताऱ्याचा देह आधीच झिजलेला असतो, त्याला तोच घाव अधिक खोल लागतो.

हे होते कसे? शिकागो विद्यापीठाचे जॉन कॅसिओपो यांनी यावर आयुष्य वेचले. ते २०१८ मध्ये वारले. त्यांचे म्हणणे असे की, भूक आणि तहान यांसारखीच एकाकीपणाची जाणीव ही देहाने दिलेली सूचना आहे. भूक सांगते अन्न शोध, ही सांगते माणूस शोध. सूचना ऐकली नाही तर देह सावध होऊन बसतो, रानात कळप चुकलेल्या जनावरासारखा. झोप तुकड्या-तुकड्यांची होते. आठ तास अंथरुणात पडूनही सकाळी थकवाच. ताण वाढवणारी द्रव्ये रक्तात चढी राहतात, रक्तदाब वाढतो, अंगात बारीक दाह सुरू राहतो, आणि तो रक्तवाहिन्यांना पोखरतो. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, विषण्णता, स्मृतिभ्रंश या सर्वांचे प्रमाण अशा माणसांत अधिक आढळते. शंका घ्यायला जागा आहे. आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून एकटा पडतो, की एकटा पडतो म्हणून आजारी होतो? दोन्ही. गुडघे दुखतात म्हणून देवळात जाणे सुटते, देवळात जाणे सुटले की चालणे सुटते, चालणे सुटले की गुडघे आणखी धरतात. जात्याच्या पाळीसारखे हे फिरत राहते.

आणि या सगळ्या सूक्ष्म गोष्टींपलीकडे एक अगदी ढोबळ गोष्ट आहे. एकट्या माणसाला पाहणारे डोळे नसतात. एकटीसाठी कोण स्वयंपाक करत बसणार, म्हणून ती सकाळचीच भाकरी रात्री खाते, आणि कधी नुसता चहा घेऊन पडते. गोळी घेतली की राहिली, हे आठवत नाही. पायाला जखम झाली, मधुमेह आहे, जखम चिघळली, दाखवायचे कोणाला? मेंदूत रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला तर ती विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, असे वैद्यक सांगते. रात्री नऊला ज्याचे तोंड वाकडे झाले आणि दूधवाला सकाळी सहाला आला, त्याचे साडेचार तास कुठे गेले? औषध आहे, रुग्णालय आहे, पैसेही असतील. नाही तो ‘अहो, तुमचं तोंड असं का दिसतंय?’ म्हणणारा माणूस. जपानात २०२४ साली घरात एकट्याने मरण पावलेल्यांची मोजणी तिथल्या पोलिसांनी केली. ती ७६ हजारांवर गेली, आणि त्यांत ५८ हजारांहून अधिक पासष्टीच्या पुढचे होते. त्या देशाने २०२१ मध्ये एकाकीपणासाठी वेगळा मंत्री नेमला. इंग्लंडने २०१८ मध्येच नेमला होता. मंत्री नेमून माणूस भेटतो की नाही कोण जाणे. पण राज्य चालवणाऱ्यांना हा आपला विषय वाटला, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडे असे नाही, आपली कुटुंबे भरलेली असतात, असे कोणी म्हणेल. थोडे खरे आहे. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर वृद्धांची पाहणी केली, तीत साठीपुढच्या माणसांपैकी सुमारे सहा टक्केच अगदी एकटी राहणारी आढळली. सुमारे वीस टक्के फक्त जोडीदारासह राहत होती. त्यांतला एक गेला की दुसरा कुठे जातो, हे सांगायला नको. टक्के लहान दिसतात. देश मोठा आहे. २०११ मध्येच साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती.

शिवाय गाव पाहा. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कर्ती जोडपी कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे कोण राहते? म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. सत्तर वर्षांच्या आजीने पोरांना भाकरी करून घालायची, पाणी भरायचे, आणि आपला ताप आपल्याशीच ठेवायचा. कोकणात गणपतीला आणि शिमग्याला घर उघडते, एरवी एखादी खोली उघडी असते, तीत एक माणूस. पुण्यात मुलगा परदेशी, आणि आईवडील चौथ्या मजल्यावर. तिथे फोनच्या पडद्यावर नातू दिसतो, हात लावता येत नाही. या कुठल्याही घरातला मुलगा दुष्ट नाही. पोटामागे गेला आहे. आमच्या काही कीर्तनांत हा विषय निघाला की सुनेला झोडपण्याचा प्रघात पडला आहे. श्रोते हसतात, टाळ्या वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीकडे कोणीही जात नाही. त्या विनोदाने कोणाचे भले होते ते मला उमगलेले नाही.

सरकारने २००७ मध्ये आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला. मुले पाहत नसतील तर महिना दहा हजार रुपयांपर्यंत देववण्याचा त्यात अधिकार आहे. असा कायदा हवाच होता. पण पुंडलिकाची कथा मनात आणा. तो आधी कसा होता, काशीच्या वाटेवर आईबापांना कसे चालवत नेले, आणि कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे कसे उघडले, हे आपण जाणतो. त्यानंतर त्याने काय केले? पाय चेपले. जवळ बसला. दारात देव आला तर त्याला वीट दिली आणि थांबवले; आईबापांना थांबवले नाही. न्यायालय पैसे देववू शकते, पाय चेपवू शकत नाही.

इथे एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. काही म्हातारी माणसे खरोखर एकान्तात सुखी असतात. त्यांना उगाच ‘बिचारे’ म्हणून छळू नये. ओळखायचे कसे? माझी एक खूण आहे. एकान्तात रमलेल्या माणसाकडे जा, तो प्रेमाने बसवतो, विचारपूस करतो, आणि तुम्ही उठलात की निरोप देतो. एकाकी माणसाकडे जा. तुम्ही उठता, चपला घालता, आणि तो चौकटीला हात धरून नवा विषय काढतो. गावच्या पाण्याचा, कोणाच्या लग्नाचा, काहीही. तिथे पाच मिनिटे अधिक उभे राहावे. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटीने फुकट प्रवास करता येतो. तेव्हापासून ‘म्हातारे उगीच बसने फिरतात’ म्हणून लोक हसतात. उगीच कशाला? लेकीच्या गावी जातात, पंढरीला जातात, बसमध्ये शेजारच्याशी बोलतात. डॉक्टरने लिहून द्यावे असेच ते औषध आहे.

आता कोणी म्हणेल, माणूस जन्माला एकटा येतो, एकटा जातो, मग मधल्या सोबतीचे एवढे काय? हे वैराग्याचे वाक्य फार फेकले जाते. जन्माच्या वेळी सुईण लागते हो. आणि जाताना तर चार खांदे लागतात. त्याशिवाय मसणवाटही गाठता येत नाही.

मग करावे काय? भेटायला जावे, हे झालेच. पण नुसत्या भेटीनेही पुरत नाही, असे मला वाटते. भेटायला येणारा उपकार करायला आला आहे हे म्हाताऱ्याला कळते. त्याला भाकरी मिळते, गोळी मिळते, विचारपूस मिळते. मिळत नाही ती एक गोष्ट, की माझ्यावाचून कोणाचे तरी अडते. आपण प्रेमापोटीच ती काढून घेतो. ‘आई, तू आता काही करू नकोस, नुसती बसून राहा.’ हे वाक्य सगळ्या घरांत बोलले जाते, आणि त्याच्याइतके घातक वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही. जिने साठ वर्षे घर चालवले तिच्या हातातली विळीसुद्धा आपण काढून घेतो, आणि मग म्हणतो की हल्ली आईचे मन लागत नाही.

सप्ताहातला वीणेचा पहारा पाहा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याला, दुसरा येऊन गळ्यात घेईपर्यंत, हलता येत नाही. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी मी सप्ताहाला होतो. तिथे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. पत्नी जाऊन वर्ष झालेले, मुलगा-सून चांगली. म्हातारा जेवत नाही, रात्रभर कूस बदलतो, कोणाशी बोलत नाही, अशी घरच्यांची तक्रार. पहाऱ्याची यादी करताना कोणीतरी पहाटे दोन ते चारचा पहारा त्यांना दिला. मुलगा म्हणाला, नको, थंडी आहे. म्हातारा म्हणाला, लिहा माझं नाव. सात रात्री तो माणूस एक वाजता उठून आंघोळ करून देवळात हजर. एक दिवस पाऊस आला, पाच मिनिटे उशीर झाला, तर आधीचा पहारेकरी वीणा घेऊन दाराशी येऊन वाट पाहत उभा. ‘बाबा, तुमच्यावाचून मला जाता येईना.’ त्यांचा रक्तदाब उतरला असे मी म्हणत नाही, तो डॉक्टरांनी मोजावा. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडे आपणहून भाकरी मागितली, हे मी ऐकले. सुनेनेच सांगितले, आणि सांगताना तिला भरून आले होते.

सप्ताह सात दिवसांचा. वर्षाचे बाकीचे दिवस काय? ज्या गावात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो तिथे हे अर्धे साधलेले आहे, फक्त आपण ते ओळखत नाही. हरिपाठ म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांची रोजची हजेरीच. आज अमका आला नाही, हे दुसरी ओवी होईपर्यंत सगळ्यांच्या ध्यानात येते. ध्यानात आल्यावर कोणी उठून त्याच्या घरी जाते काय, एवढेच ठरवायचे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात, क्षणात सगळे शांत होते, आणि मग कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले ते पुकारले जाते. कोणाचा तांब्या हरवला तरी लाखभर लोक कान देतात. गावातल्या हरिपाठाला अशीच एक पुकार हवी. आज कोण दिसले नाही?

आणखी दोन साध्या गोष्टी. देवळात चार खुर्च्या ठेवाव्यात. गुडघे गेलेल्या माणसाला भुईवर बसता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते, म्हणून तो यायचेच बंद करतो. आणि कानांकडे लक्ष द्यावे. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय पत्राच्या समितीने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत ऐकू न येणे आहे आणि एकटे पडणेही आहे, आणि ही दोन एकमेकांचा हात धरून येतात. ऐकू न येणारा माणूस दोनदा ‘काय?’ विचारतो, तिसऱ्यांदा नुसता हसतो, चौथ्या दिवसापासून येत नाही. त्याला मोठ्या कर्ण्याचा उपयोग नसतो. कर्ण्याने आवाज वाढतो, शब्द फुटत नाहीत. त्याला पुढे, बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असे बसवावे, आणि कानाच्या यंत्रासाठी दवाखान्यात न्यायला बरोबर कोणीतरी जावे. बरोबर जाणारा, म्हणजे पाणिनीचा ‘सहाय’ तो हाच.

येत्या सप्ताहांच्या याद्या लवकरच होतील. पहाऱ्यांचा फळा देवळाच्या भिंतीवर लागतो, तरुण पोरे सोयीचे पहारे आधी उचलतात, आणि म्हाताऱ्यांना ‘तुम्ही फक्त दर्शनाला या’ म्हणून वगळतात. तसे करू नये. साठीपुढच्या प्रत्येकाला विचारावे. स्त्रियांनाही विचारावे, पुष्कळ गावांत त्यांना अजून कोणी विचारीत नाही. ज्यांना उभे राहवत नाही त्यांना बसून पहारा द्यावा, ज्यांना वीणा पेलत नाही त्यांच्याकडे समईचे तेल आणि वाती सोपवाव्यात, म्हणजे त्यांच्यावाचूनही अडेल. आणि रात्रीच्या पहाऱ्याला त्यांना घरून आणायला व परत पोचवायला कोण जाणार, त्याचे नाव फळ्यावर त्याच ओळीत, त्यांच्या नावाशेजारी लिहावे.